साफ हिशेबाचा धंदा

बादली, मॉप आणि मायक्रोफायबरची चार फडकी घेतली की क्लीनिंगचा बिझनेस सुरू होतो, असं वाटतं ना? सुरू होतो खरा. पण तो टिकतो की चौथ्या महिन्यात गुंडाळावा लागतो, हे ठरतं पहिल्या कोटेशनच्या कागदावर. हिंजवडीच्या क्युबिकलमध्ये बसून 'स्वतःचं काहीतरी' करण्याची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी एक रोकडा हिशेब...

शुक्रवारची संध्याकाळ. भूमकर चौकात गाडी अडकलेली, एफएमवर तीच तीच गाणी आणि डोक्यात तोच तो विचार, 'यार, स्वतःचं काहीतरी सुरू करायला पाहिजे!' कॅफे? भांडवल नाही. स्टार्टअप? आयडिया नाही. इतक्यात ऑफिसमधल्या मित्राचा फोन येतो. 'अरे, भूगावच्या फ्लॅटचं पझेशन मिळालं. पण घरभर सिमेंट, पुट्टी आणि रंगाचे डाग. कुणी साफ करून देणारं आहे का?'

तुम्ही तीन नंबर फिरवता. एक उचलत नाही, दुसरा पुढच्या महिन्यातली तारीख देतो आणि तिसरा जागा न बघताच भाव सांगतो. तुमच्या डोक्यात दिवा पेटतो. अरे, धंदा तर इथंच आहे!

आहेच. आणि तो तुमच्या ऑफिसच्या दारातच आहे. आपण रोज ज्या हिंजवडीत आणि माणमध्ये कार्ड स्वाइप करतो, ती गावं मुळशी तालुक्यातली, हे किती जणांच्या लक्षात असतं? मुळशी म्हटलं की आपल्याला आठवतो तो पावसातला ताम्हिणी घाट, इंद्रायणी तांदळाचा भात, नाहीतर २०१८ मध्ये आलेला 'मुळशी पॅटर्न'. जमीन विकल्यावर माणसांचं काय होतं, हे त्या सिनेमानं दाखवलं होतं. भातखाचरांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवर्समध्ये केर-फरशी करायला आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांमधूनच कितीतरी जणी येतात. हा धंदा सुरू कराल तेव्हा तुमच्या पहिल्या टीममध्ये त्यांच्यातल्याच दोघी-तिघी असतील. म्हणून दर ठरवणं हा नुसता गणिताचा प्रश्न राहत नाही. त्या दरात त्यांचं महिन्याचं घर चालतं.

काम कुठं आहे?

चांदणी चौक ओलांडला की बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पुढे पौड. दुसऱ्या बाजूला हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे. या दोन पट्ट्यांत चार प्रकारची कामं मिळतात.

पहिलं पझेशन क्लीनिंग. बिल्डरनं किल्ली दिली, इंटिरिअरवाला काम उरकून गेला आणि राहायला जायच्या आधी घर लख्ख हवंय. पैसे बरे मिळतात, पण गिऱ्हाईक एकदाच भेटतं. दुसरं डीप क्लीनिंग. दिवाळी, बारसं, गावाहून सासू-सासरे येणार... निमित्तं बक्कळ! तिसरं काम मुळशीचं खास, वीकएण्ड होम्स आणि फार्महाऊस. धरणाच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की चार महिने बंद राहिलेलं घर उघडल्यावर आधी स्वागत करते ती बुरशी. भिंतीवर काळे डाग, गाद्यांना कुबट वास, कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं. आणि चौथं काम, ज्याच्याकडे नव्यानं उतरणारा बघतसुद्धा नाही, ते म्हणजे नेमाचं काम. सोसायटीचे जिने आणि लॉबी, डॉक्टरांचं क्लिनिक, वीस माणसांचं छोटं ऑफिस. ग्लॅमर शून्य, पण दर महिन्याला पैसे नक्की. या चौथ्या प्रकाराकडे आपण परत येणार आहोत.

आधी सामान, मग सामान्यज्ञान

सुरुवातीला फार काही लागत नाही. ओलं-कोरं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर, काच पुसायचे वायपर, ब्लेडची खरवडणी, टेकायची मजबूत शिडी, ब्रश, घासण्या, रबरी हातमोजे, मास्क आणि रंगारंगांची मायक्रोफायबर फडकी. रंग कशाला? टॉयलेटचं लाल फडकं चुकूनही किचनच्या ओट्यावर जाऊ नये म्हणून. फरशी घासायचं मोठं मशीन आधी भाड्यानं आणा. महिन्यात आठ-दहा वेळा लागायला लागलं की मग विकत घ्या.

सामानापेक्षा माहिती महत्त्वाची. टॉयलेटचं ॲसिड संगमरवरावर पडलं की चकाकी गेलीच म्हणून समजा. घरगुती उपाय म्हणून व्हिनेगर वापराल तरी तीच गत. बोअर किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांमध्ये नळांवर आणि शॉवरच्या काचेवर क्षारांचे पांढरे थर बसतात. ते नुसत्या घासण्यानं निघत नाहीत, उलट काचेवर चरे पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ही गोष्ट टीममधल्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगायची. परत दुसऱ्या दिवशीही सांगायची.

एका कामाला मात्र साफ नाही म्हणायचं. शहराच्या ड्रेनेजला न जोडलेल्या बंगल्यांमध्ये सेप्टिक टँक असतात आणि 'एवढं उघडून बघा ना जरा' असा आग्रह होतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. पैसे कितीही मिळोत, ते काम यंत्राचं आहे. आपलं नाही.

स्क्वेअर फुटाचा सापळा

आता मुद्द्याचं. दर किती लावायचा?

बहुतेक जण बाजारात चौकशी करतात, 'स्क्वेअर फुटाला काय चाललंय?' आणि त्यातून रुपया-दोन रुपये कमी करून मोकळे होतात. इथंच विकेट पडते! कारण घाण स्क्वेअर फुटात मोजता येत नाही. नऊशे फुटांचा रिकामा हॉल तासाभरात होतो. पण त्याच नऊशे फुटांत दोन बाथरूम आणि रोज फोडणीचा धूर खाल्लेली चिमणी असेल, तर अख्खा दिवस जातो. तुम्ही फरशी विकत नाही, माणसांचे तास विकताय.

म्हणून पहिल्या पाच कामांना घड्याळ लावा. किचनला किती मिनिटं, एका बाथरूमला किती, एका खिडकीला किती, हे वहीत टिपा. कुठल्याही रेटकार्डापेक्षा ती वही तुम्हाला जास्त शिकवेल.

आता एक हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा टीममध्ये तीन ताई आहेत. प्रत्येकीला महिना १६ हजार, म्हणजे ४८ हजार. दिवाळीचा बोनस आणि रजेच्या बदलीचे म्हणून महिन्याला ४ हजार बाजूला. झाले ५२ हजार.

नवखा माणूस याला २६ नं भागतो. महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे दिवसाला २,०००. मस्त! पण सुरुवातीच्या महिन्यांत रोज काम मिळतं का? नाही ना. समजा १६ दिवस मिळालं. पगार तर पूर्ण महिन्याचाच द्यायचाय. मग एका कामावर मजुरीचा खरा खर्च पडतो ३,२५०.

त्यात बाकीचं मिळवा. सामान ४००, टेम्पो-पेट्रोल ३५०, मशीनची झीज १५०, फोन-जाहिरात-युनिफॉर्म ३५० आणि तुमचा स्वतःचा वेळ ८००. बेरीज ५,३००. फुटलेली काच, परत जाऊन करावं लागलेलं काम, बुडालेले पैसे, यासाठी दहा टक्के धरा. त्यावर पंधरा टक्के नफा. दर आला साधारण ६,७००.

आणि शेजारचा भिडू म्हणतोय ३,५००! मग तुम्हीही घाबरून ३,५०० सांगता. स्वतःचा वेळ फुकट धरला तरी तुमचा खर्च ४,५०० आहे. म्हणजे दर कामामागे एक हजाराची पदरमोड आणि १६ कामांचे महिन्याला १६ हजार.

ओळखीचा वाटतोय ना हा आकडा? बरोब्बर एका ताईचा पगार! आता महिनाअखेरीस काय होणार, हे सांगायला एमबीए लागत नाही. आधी पगार पाच तारखेवरून पंधरावर जातो. मग 'या महिन्यात अर्धे घ्या, पुढच्या महिन्यात बघू.' मग तिघींचं काम दोघींवर येतं. गिऱ्हाइकाला जो स्वस्ताईचा आनंद मिळाला, त्याचं बिल शेवटी भरलं कुणी? जिला भाव ठरवताना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, तिनं.

मग स्वस्त व्हायचं कसं?

६,७०० ऐकून गिऱ्हाईक फोन ठेवेल, ही भीती खोटी नाही. दर खाली आणायलाच हवा. फक्त तो पगारातून नाही, कॅलेंडरमधून आणायचा.

तोच हिशेब २२ दिवसांवर करून बघा. ५२ हजार भागिले २२, म्हणजे मजुरी २,३६४. बाकी खर्च तोच धरला तरी बेरीज ४,४१४. दहा टक्के जोखीम आणि पंधरा टक्के नफा धरून दर येतो साधारण ५,६००. कुणाचा एक रुपया न कापता अकराशे रुपये कमी! रिकामे दिवस भरले, एवढंच.

ते भरतात नेमाच्या कामानं. आठवतोय ना मघाचा चौथा प्रकार? पुण्यातल्या सफाई व्यवसायाची सगळ्यात गाजलेली गोष्टसुद्धा तिथूनच सुरू होते. साताऱ्याच्या रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड तेव्हा पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनिअर होते. १९९७ मध्ये तिथल्या इंडिका प्लांटच्या हाऊसकीपिंगचं काम त्यांच्या संस्थेनं घेतलं, अवघ्या आठ माणसांना घेऊन. पुढे त्याचीच बीव्हीजी, अर्थात भारत विकास ग्रुप झाली आणि तिच्याकडे संसद भवनाच्या सफाईचं काम आलं. या यशोगाथेवर टाळ्या वाजवून झाल्या की एक गोष्ट नीट बघा. सुरुवात सुट्या, एकेका दिवसाच्या कामांनी झाली नव्हती. एकाच जागी, रोज लागणाऱ्या कामानं झाली होती. आठही माणसांना उद्या कुठं जायचंय हे आज माहीत होतं.

दुसरा धडा पुण्याच्या गल्लीबोळातला. कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ ची. त्यातूनच उभी राहिली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. घरामागची महिन्याची फी तशी किरकोळ. मग परवडतं कसं? कारण एका सेविकेची घरं एकमेकांना लागून असतात. चालण्यात दिवस जात नाही, कामात जातो.

आपल्याला हे कसं लागू? सकाळी मारुंजी आणि दुपारी पौड अशी कामं घेतलीत, तर टीमचा अर्धा दिवस रस्ताच खाणार. भूगावच्या अरुंद रस्त्यावर टेम्पो तासभर उभा असतो तेव्हा तीन जणींची मजुरी चालू असते. त्यापेक्षा वार वाटून घ्या. सोमवार-मंगळवार हिंजवडी-माण, बुधवार-गुरुवार बावधन-भूगाव, शुक्रवारी पिरंगुटच्या पुढची फार्महाऊस. गिऱ्हाइकाला सरळ सांगा, 'बुधवारी आलो तर पाचशे कमी.' त्याचेही वाचले, तुमचेही. आणि कुणाचे कापले? कुणाचेच नाहीत.

खाडा नाही, रजा

ऑफिसमध्ये आपण सिक लीव्ह टाकतो आणि एचआरला मेल करतो. घरकामाला येणाऱ्या मावशी आजारी पडल्या की त्याला मात्र आपण 'खाडा' म्हणतो आणि पैसे कापतो. पुण्यातल्या घरकामगार बायकांनी १९८० मध्ये याच अन्यायाविरुद्ध संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला मात्र २००८ साल उजाडलं.

तुम्ही आता मालकाच्या बाजूला बसणार आहात. महिन्यातून किमान एक-दोन भरपगारी रजा दरातच धरा. रजेच्या बदलीचे पैसे आपण वेगळे काढले, ते यासाठीच. किमान वेतनाचा आकडा सहा-सहा महिन्यांनी महागाई भत्त्याबरोबर बदलतो, तेव्हा जानेवारी आणि जुलैत कामगार विभागाचे नवे दर बघून घ्या. बँकेतून निघणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देतो. तिघींचे मिळून साठ रुपये. आपण एका कटिंग-वडापावमध्ये त्याहून जास्त उडवतो! शिडीवर चढणाऱ्या बाईसाठी एवढं तरी हवंच.

यात भावनेइतकाच धंदाही आहे. माणसं सारखी बदलली की दर वेळी नव्यानं शिकवायचं, नव्यानं चुका झेलायच्या. आणि गिऱ्हाईक कंपनीच्या नावावर विश्वास ठेवत नाही. कपाटाच्या किल्ल्या घरात असताना जी ताई काम करते, तिच्या चेहऱ्यावर ठेवतं.

'थोडं कमी करा ना!'

घासाघीस होणारच, पुण्यात तर हमखास! तिथं दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं. 'काकू, ५,६०० मध्ये सगळं घर. ४,५०० मध्ये करायचं असेल तर खिडक्या आणि चिमणी सोडून देतो. चालेल?' बहुतेक काकू चिमणीवर अडतात आणि गाडी ५,६०० वर येते. न आली तर निदान तुमचे तास वाचतात.

कोटेशन कागदावर किंवा मेसेजवर, पण लेखीच. काय करणार आणि काय करणार नाही, दोन्ही लिहा. झुंबर उतरवणार का? पंखे पुसणार का? बाहेरच्या बाजूच्या काचा? काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, म्हणजे जुना चरा तुमच्या माथी बसत नाही. तीस टक्के ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख देऊ नका. आणि उक्तं काम घेताना घर डोळ्यांनी बघा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवायला सांगा. 'टूबीएचके आहे हो, फार घाण नाही' या वाक्यावर विश्वास ठेवून ज्यानं भाव सांगितला, तो बुडाला!

लगेच राजीनामा?

थांबा! २२ कामं मिळाली तर तुमच्या वेळेचे साडेसतरा हजार आणि नफ्याचे सोळा, मिळून महिन्याला साधारण ३३,६००. आयटीतल्या ईएमआयवाल्या आयुष्याला हे पुरायचं नाही. म्हणून सुरुवात शनिवार-रविवारी करा. त्याआधी ऑफर लेटरमधली दुसऱ्या कामाबद्दलची अट मात्र नीट वाचा. वीकएण्डपुरतं असेल तर महिन्याचा पगार बांधून घेऊ नका. दिवसाची मजुरी ठरवा आणि ती बाजारापेक्षा वरचीच ठेवा. दोन सोसायट्या आणि एक क्लिनिक नेमानं हातात आलं की मग पूर्ण वेळ टीमचा विचार.

कागदपत्रांची चौकट

- टीम लहान असेल तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते.
- 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत. एजंटला पैसे देऊ नका.
- मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. मशीनसाठी उपयोगी.
- सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. ५,६०० ची २२ कामं म्हणजे वर्षाला पावणेपंधरा लाखांच्या आसपास, तेव्हा पहिल्या टीमला चिंता नाही. दुसरी टीम उभी करण्याआधी मात्र सीएकडे जा. घरगुती गिऱ्हाइकासाठी १८ टक्के म्हणजे थेट भाववाढ!
- दहा माणसं झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ. तोपर्यंत हजेरीपट आणि पगाराची नोंद चोख ठेवायची सवय लावून घ्या.

तर पुढच्या शुक्रवारी भूमकर चौकात अडकलात की एफएम बंद करा आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. तीन पगार लिहा, रजा मिळवा, रिकामे दिवस धरा आणि मग दर काढा. तो दर मोठ्या आवाजात म्हणून बघा. लाज वाटली नाही, तर धंदा करायला तुम्ही तयार आहात. आणि महिन्याच्या पाच तारखेला तिन्ही ताईंच्या खात्यात पगार जमा झाल्याचे मेसेज गेले की समजा, पहिलं घर खरंच स्वच्छ झालं!